वावरात आलेला विद्यार्थी

जुलै लागला की तिवसा तालुक्यातल्या गावांत नवी पोरं दिसू लागतात. पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्र, हातात गुंडाळलेला फ्लेक्स. नागपूर-अमरावती मार्गावर एसटीतून उतरायचं आणि ऑटोनं किंवा कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून आतल्या गावात पोचायचं. कृषी पदवीच्या चौथ्या वर्षाला ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आणि त्याला जोडलेल्या महाविद्यालयांच्या तुकड्या त्यासाठी गावोगाव राहायला येतात. मुलगे आले तर कृषिदूत, मुली आल्या तर कृषिकन्या. गाव त्यांना चांगलं वागवतं. पहिल्या दिवशी चहा होतो, सरपंचांच्या हस्ते स्वागत होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती पोरं वावरात.

आमच्या ओसरीलगतच्या खोलीत अशा तुकड्या बरीच वर्षं राहिल्या. त्यामुळे मी जे लिहितो आहे ते लांबून पाहिलेलं नाही. त्यातला काही दोष माझ्याकडेही येतो, तो आधी सांगून टाकतो.

यवतमाळचं फवारणीच्या विषबाधेचं 2017 साल होऊन गेलं होतं. पोळा नुकताच सरला होता. पऱ्हाटी छातीला लागलेली, वारा पडलेला, आभाळ दाटून आलेलं. पोरांना फवारणीचं प्रात्यक्षिक द्यायचं होतं. फवारणी सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर करावी, हे त्यांच्या पुस्तकात होतं आणि माझ्या वडिलांनाही ठाऊक होतं. पण मार्गदर्शक सरांना त्या दिवशी तीन गावं करायची होती आणि आमच्याकडे पोचायला त्यांना अकरा वाजणार होते, म्हणून प्रात्यक्षिक अकराला ठरलं. सेफ्टी किट एक होतं, पोरं पाच. ज्याच्या पाठीवर पंप त्याने ते घालायचं असं ठरलं. फोटो निघाले. सर पुढच्या गावाला गेले. पऱ्हाटीची राहिलेली दोन तासं मारून टाकू म्हणून आमच्या सालदाराबरोबर एक पोरगा फवारत राहिला आणि मध्येच नोझल तुंबलं.

सालदाराने जे वीस वर्षं केलं तेच त्याला सांगितलं. नोझल काढ, फुंक मार. पोराने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी धुऱ्यावर उभा होतो. सालदार म्हणाला, ‘‘काई होत नाई भाऊ, पंप असाच साफ होते.’’ पोराने मास्क हनुवटीखाली ओढला आणि नोझल ओठाला लावलं.

मी काही बोललो नाही. का बोललो नाही, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. आमच्या वावरात नोझल असंच साफ व्हायचं, मला त्यात वेगळं काही दिसलंच नाही, एवढंच ते उत्तर आहे.

संध्याकाळी त्याने चहा तसाच ठेवला. अंगाला दरदरून घाम, तोंडाला सारखी लाळ, मग उलट्या. डोळ्यांपुढे धूसर दिसतं म्हणाला. आम्हाला वाटलं, दुपारचं जेवण बाधलं. त्याच्या सोबत्याने बॅटरीच्या उजेडात त्याची बुबुळं पाहिली आणि तो चपापला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. ते त्याला वर्गात शिकवलेलं होतं, म्हणून वेळ वाचला. तालुक्याच्या दवाखान्यातून अमरावतीला इर्विन रुग्णालयात नेलं, अॅट्रोपिन लागलं, तिसऱ्या दिवशी पोरगा परत आला. घरी ‘ताप आला होता’ एवढंच कळवलं. पोरांच्या नोंदवहीत त्या दिवसाखाली लिहिलं गेलं की फवारणीचं प्रात्यक्षिक यशस्वीरीत्या पार पडलं. त्याखाली यजमान शेतकरी म्हणून सही होती, ती माझी.

त्या वहीत पावसाच्या नोंदीला रकाना होता, पिकाच्या अवस्थेला होता, किडींच्या संख्येला होता. पोराला काय झालं याला रकाना नव्हता.

आता त्या दिवशी आमच्या वावरात तो पोरगा कोण होता, हा प्रश्न मला सोडत नाही. महाविद्यालयाच्या लेखी तो विद्यार्थी, पण वर्ग साठ-सत्तर किलोमीटरवर. आमच्या लेखी पाहुणा, आणि पाहुण्याला कुणी ‘हात धू’ म्हणून दटावत नाही. सालदाराच्या लेखी बारका साहेब. अशा माणसाची काळजी सगळ्यांनाच असते आणि नेमकी कुणाकडेच नसते. काही बिघडलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो.

कारखान्यात शिकायला जाणाऱ्या पोराच्या बाबतीत आपल्या कायद्याने ही अडचण फार आधी ओळखली. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचं कलम 18 म्हणतं की शिकाऊ हा कामगार नव्हे, तो शिकायला आलेला आहे. पण त्याच कायद्याचं कलम 14 म्हणतं की कारखान्यात शिकत असताना आरोग्य, सुरक्षा आणि कल्याण याबाबतीत त्याला कामगाराला लागू असलेल्या तरतुदी लागतील. आणि कलम 16 प्रमाणे शिकताना इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. या तीन कलमांत मला मोठं शहाणपण दिसतं. पगाराच्या हिशेबात तुम्ही त्याला विद्यार्थी म्हणा, परंतु यंत्राचा पट्टा हात ओढून घेतो तेव्हा तो हात विद्यार्थ्याचा की कामगाराचा हे विचारत बसत नाही. वावरात आलेल्या कृषिदूताशी मात्र असा करार कुणी केलेला नसतो. वावर कारखाना नाही आणि यजमान शेतकरी त्याचा मालक नाही. त्या कायद्याची सावली आयटीआयच्या पोरावर पडते, धुऱ्यापर्यंत येत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहा. वावरात वीज पडून, साप चावून, विषबाधा होऊन जीव गेला तर शेतकऱ्याच्या घराला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून सरकार 2 लाख रुपये देतं. सातबारा असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला आणखी एक जण, एवढ्यांसाठी ती आहे. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी यांच्या नावाची वेगळी योजना आहे. कृषिदूत बारावी ओलांडलेला असतो आणि ते वावर त्याच्या बापाचं नसतं. एकाच झाडाखाली पावसाला थांबलेल्या तिघांवर वीज कोसळली, तर शेतकऱ्याच्या घरी मदत पोचेल. ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही त्या सालदाराच्या घरी याच योजनेतून काही नाही. पोराच्या बाबतीत महाविद्यालयाने गट विमा काढलेला असला तर असला.

यवतमाळचं नाव वर आलं, ते इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण आमच्या भागात फवारणीची गोष्ट त्या सालाला वगळून बोलता येत नाही. 2017 च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोनेक महिन्यांत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. शेकडो दवाखान्यात होती, कित्येकांच्या डोळ्यांना पट्ट्या. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. कारणं एकात एक गुंतलेली होती. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे माणूस झाडावर फवारत नव्हता, झाडांच्या आत उभा राहून स्वतःच्या तोंडावर फवारत होता. हवा दमट. बारीक तुषार उडवणारे नवे ताकदवान पंप. दोन-तीन औषधांचं एकत्र मिश्रण. आणि अंगावर बनियन. त्या नोव्हेंबरात यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन यांसारख्या पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर काही दिवस बंदी आली.

त्यानंतर किट वाटली गेली. आमच्या गावातही आली. गोठ्यात खुंटीला टांगलेली ती प्लास्टिकची अंगरखी मी अजून पाहतो. लोक बेफिकीर आहेत म्हणून ती टांगलेली आहेत, असं शहरातून आलेला माणूस पटकन म्हणतो. त्याने ऑक्टोबर हिटमध्ये भर दुपारी ते घालून पंधरा लिटरचा पंप पाठीवर घ्यावा. दहा मिनिटांत आतून घामाच्या धारा लागतात, गॉगलवर वाफ धरते, पायाखालची ढेकळं दिसत नाहीत. ती किट खरोखर वापरायची तर फवारणीची वेळ बदलावी लागते, एका माणसाकडून दिवसाला किती पंप मारून घ्यायचे तो आकडा कमी करावा लागतो, वारा पाहून दिशा ठरवावी लागते. म्हणजे सुरक्षिततेचा खर्च अंगरख्याच्या किमतीत नसून कामाच्या वेळेत आणि मजुरीच्या हिशेबात आहे. आमच्या वावरातलं प्रात्यक्षिक अकरा वाजता झालं, तिथेच पोराच्या सुरक्षिततेचा निकाल अर्धा लागला होता. नोझल नंतरची गोष्ट.

मला सगळ्यात जास्त टोचतो तो त्याचा तो क्षणभराचा कटाक्ष. फुंक मारण्याआधी त्याने माझ्याकडे पाहिलं होतं. त्याला ठाऊक होतं. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग काय सांगतो, हे तोच आठवड्याआधी शाळेतल्या मुलांना समजावून आला होता, लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. माहितीची कमतरता त्याच्याकडे नव्हती. त्याच्याकडे ‘नाही’ म्हणायची जागा नव्हती. गावात राहिल्याचा दाखला सरपंचाच्या सहीचा, वावरात काम केल्याचा माझ्या सहीचा, गुण सरांच्या हातात. वीस वर्षांचा पोरगा, परक्या गावात, वयाने बापाएवढ्या माणसाने ‘काई होत नाई’ म्हटल्यावर काय करणार? नाही म्हणावं तर हा शहरी, भित्रा, कामचुकार. सालदारही हसला असता. खरं म्हणजे मीही हसलो असतो.

कामावर शिकायला पाठवलेल्या प्रत्येक पोरापोरीची हीच गत असते, मग ते वावर असो, खांबावर चढणाऱ्या वायरमनच्या हाताखालचं शिकणं असो, की जिनिंगमधलं. नवखा माणूस दोन कारणांनी अडचणीत येतो. धोका कुठे आहे हे त्याच्या अंगवळणी पडलेलं नसतं. आणि ज्याच्या अंगवळणी पडलेलं असतं त्याने तो धोका मोजणंच सोडलेलं असतं. शिकणारा त्याच्याचकडे पाहून शिकतो. जर्मनीत अठराच्या आतल्या मुलाला धंदेशिक्षणाला ठेवण्याआधी डॉक्टरी तपासणी कायद्यानेच लागते. ब्रिटनमध्ये कार्यानुभवाला आलेला विद्यार्थी सुरक्षिततेच्या कामापुरता तिथला कर्मचारीच धरला जातो. तिथे अपघात होत नाहीत असं मी म्हणत नाही. पण निदान झाला तर विचारायचं कुणाला, हे आधी ठरलेलं असतं.

या संदर्भात एक जुनी गोष्ट वऱ्हाडातल्या माणसाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. इंग्लंडात कारखान्यांसाठी झालेला पहिला कायदा 1802 चा. त्याच्या नावातच ‘शिकाऊ’ आणि ‘आरोग्य’ हे दोन शब्द होते. कापसाच्या गिरण्यांत अनाथ पोरं शिकाऊ म्हणून बांधून घेत आणि राबवून मारत. कायद्याने सांगितलं, भिंतींना वर्षातून दोनदा चुना लावा, हवा यायला खिडक्या ठेवा, बारा तासांपेक्षा जास्त काम नको, अंगाला कपड्यांचे दोन जोड द्या. त्या कायद्याची अंमलबजावणी फारशी झाली नाही, हेही खरं. तरी कामगाराच्या आरोग्याचा विचार कारखान्याच्या कायद्यात तिथे पहिल्यांदा उतरला तो शिकाऊ पोरांच्या निमित्ताने, आणि कापसाच्या कामातून. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यातही कापूस पिंजणाऱ्या यंत्रासाठी वेगळं कलम घालावं लागलं, ते यंत्र चालू असेल तिथे गठाण बांधण्याच्या कामाला बाई किंवा मूल ठेवायचं नाही, मध्ये भिंत असल्याशिवाय. कापूस एवढा मऊ दिसतो, पण त्याच्या वाटेवर वावरापासून गठाणीपर्यंत माणसाला इजा करणाऱ्या जागा पुष्कळ आहेत.

इर्विनहून पोरगा परत आला त्या संध्याकाळी सालदार ओसरीवर आला. पोराजवळ बसला, त्याच्या हातावरची सुई टोचलेली जागा पाहिली. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाला, ‘‘त्याचं रगत तपासलं डाक्टरनं. माह्यं कोन तपासते?’’

मी पोराचाच विचार करत होतो. त्या प्रश्नाने माझा विचार जागेवरून हलवला. ज्या वावरात सालदार वीस वर्षं नोझल फुंकतो, त्या वावरात विद्यार्थ्याला सुरक्षित ठेवायचं म्हणजे काय करायचं? त्याच्याभोवती रिंगण आखायचं? फोटोपुरतं किट घालून त्याला सावलीत बसवायचं? मग तो काय शिकेल? तो पुढे कृषी खात्यात लागेल, बँकेत कृषी अधिकारी होईल, औषध कंपनीत जाईल. त्याच्या मनात पक्कं बसेल की काळजी ही साहेबासाठी असते आणि काम हे मजुरासाठी. असं शिकलेला अधिकारी आम्हाला आणखी एक नको आहे. माझं म्हणणं एवढंच की विद्यार्थ्याची सुरक्षितता वेगळी काढून त्याच्या पदरात टाकता येत नाही. ज्या वावरात मजूर सुरक्षित आहे त्याच वावरात विद्यार्थ्याला पाठवावं. नसेल, तर मजूर सुरक्षित करणं हेच त्याचं तिथलं पहिलं काम असावं, आणि त्याला गुण असावेत.

हे आमच्या मातीला परकं नाही. इथून वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम दूर नाही. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार देशापुढे आला. पुढे कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ शाळेत आणायला सांगितला. आणि आमच्याच तालुक्यात मोझरीला गुरुकुंज आहे. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ग्राम-आरोग्य, श्रम-संपत्ती आणि जीवन-शिक्षण असे अध्याय एकाच पोथीत बांधलेले आहेत. आपण ते सोडवून तीन खात्यांना वाटून दिले. आरोग्य दवाखान्याकडे, श्रम मजुराकडे, शिक्षण महाविद्यालयाकडे. पोरगा या तिघांच्या मधल्या फटीत उभा राहतो.

फट बुजवायला फार पैसा लागतो असं मला वाटत नाही. तुकडी गावात पाठवण्याआधी शिक्षकाने एकदा ते वावर, ती विहीर आणि ती खोली पायाने फिरून पाहावी. कठडा नसलेल्या विहिरीचं पाणी मोजायला मुलींना उतरवू नये. खोलीला कडी आणि संडास आहे का, हे मुलींनी येऊन शोधायची गोष्ट नव्हे. शेणखताच्या ढिगाशी, कुटाराच्या गंजीशी घोणस-मण्यार असते, पोरापोरींना रात्री बॅटरीशिवाय बाहेर पाठवू नये, आणि जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविष आणि अॅट्रोपिन खरोखर शिल्लक आहे हे जुलैतच विचारून ठेवावं. महामार्गावर एका दुचाकीवर तिघं जाणं बंद करावं. या एका गोष्टीने सापापेक्षा जास्त पोरं वाचतील, असं माझं मत आहे. नोंदवहीत एक पान असावं, ‘आज काय होता होता राहिलं’. त्या पानावर लिहिलं म्हणून कुणाचे गुण जाऊ नयेत, उलट लिहिलं नाही तर विचारणा व्हावी. आणि दाखल्यावर सही करणाऱ्या आमच्यासारख्यांना लेखी सांगावं की पोराने एखादं काम करायला नकार दिला तर त्याचा राग धरायचा नाही. आम्ही अडाणी नाही. आम्हाला कुणी ते सांगितलंच नाही.

त्या पोराने जाण्याआधी एक काम केलं. मी ते नंतर पाहिलं. जुन्या टूथब्रशला भोक पाडून त्याने तो सुतळीने पंपाच्या पट्ट्याला बांधला होता. नोझल तुंबलं की त्या ब्रशने घासायचं, पाण्यात धरायचं. सालदाराने तो पहिले चार दिवस वापरला नाही. पाचव्या दिवशी वापरला. आता सवय झाली आहे. यंदा कृषिकन्यांची तुकडी आली. त्यातल्या एकीने पंप पाहायला मागितला, ब्रश हातात घेतला आणि म्हणाली, ‘‘काका, याचे दाते झिजले, नवा बांधते.’’ सालदार म्हणाला, ‘‘बांध बाई. पन सुतळी लांब ठेव, हात पुरला पायजे.’’ ती खाली बसून गाठ मारत होती. मी घरात जाऊन नोंदवही मागवून घेतली आणि सही करायच्या आधी पहिल्या पानापासून वाचायला बसलो.